दाराला करकरू द्या की

रात्री साडेआठला काकूंच्या घरी सासू दार उघडते. टीव्हीतली. दार उघडलं की ढॅण्ग. सुनेनं मान वळवली की ढॅण्ग. मग एकाच चेहऱ्यावर तीन बाजूंनी कॅमेरा आणि ढॅण्ग, ढॅण्ग, ढॅण्ग. परवा हा गजर चालू असताना काकू टीव्हीकडे पाठ करून सुपातली हळकुंडं मोडून बघत होत्या.

"एवढं कामून वाजवायलेत?"

"दार उघडलंय, काकू."

"मग दाराला करकरू द्या की."

साऊंड डिझाइन शिकवणाऱ्या संस्था लाखांत फी घेतात. आमच्या काकूंनी फुकटात सांगितलं.

त्यांचं बरोबर आहे, कारण वसमत-हिंगोलीकडच्या माणसाचा कान तयार असतो. शिजवून उन्हात टाकलेलं हळकुंड मोडताना टणकन वाजलं तर वाळलं. नुसतंच वाकून तुटलं तर अजून ऊन दाखवा. अशा कानाला 'सून आता दुःखी आहे हं' हे सांगायला पन्नास व्हायोलिनं लागत नाहीत.

हे आपल्याकडं फार आधी कळलं होतं, हीच तर गंमत. १९३७ साली प्रभातच्या 'कुंकू'त शांतारामबापूंनी पार्श्वसंगीताला सुट्टी दिली. गाणी ठेवली, पण भावना फुगवायला मागून पेटी-सारंगी नाही. जरठ नवऱ्याच्या घरात ऐकू येतं ते त्या घरातलंच, आणि त्यात ते भिंतीवरचं घड्याळ. म्हाताऱ्याचं वय सांगायला आणखी काय पाहिजे? बोलपट मराठीत येऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. आवाज नवा नवा मिळाला असताना तो आवरायची अक्कल दाखवणं म्हणजे दिवाळीच्या दिवशी पोरानं फटाके जपून ठेवण्यासारखं. आपण मात्र नव्वदीच्या घरात आलो आणि रोजच दिवाळी.

मग नागराज मंजुळेंचा 'फँड्री'. त्यातला तो प्रसंग मी कितीदा पाहिलाय, मोजलं नाही. नायक जब्याचं घर डुक्कर धरायला धावतंय, गाव मजा बघतंय, डुक्कर आता हाताशी आलंय, आणि तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ. डुकराला नागरिकशास्त्र नसतं, ते निघून जातं. बघणारा आधी हसतो आणि हसल्याची लाज त्याला नंतर वाटते. इथं दिग्दर्शकानं कसलंही करुण संगीत लावलेलं नाही. शाळेच्या पटांगणातला, रोजचा, अगदी आदराचा आवाज उचलला आणि भलत्या माणसांच्या भलत्या वेळेवर सोडला. जब्याला काय वाटलं असेल हे त्याच्या चेहऱ्यापेक्षा त्या आवाजानं जास्त सांगितलं. राष्ट्रगीताला ठरलेला वेळ ५२ सेकंदांचा. तेवढ्यात दिग्दर्शकानं जे केलं ते तीन तासांच्या भाषणात होत नाही. (पुढं २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं थिएटरात राष्ट्रगीत सक्तीचं केलं, २०१८ मध्ये सक्ती उठवली. आपण सगळ्यांनीच थोडं थोडं फँड्री खेळून घेतलं.)

आणि त्यांचाच 'सैराट'. अजय-अतुल त्याचं संगीत ध्वनिमुद्रित करायला थेट अमेरिकेला गेले, सिंफनी ऑर्केस्ट्रा बसवला. 'झिंगाट'वर लोक थिएटरात खुर्च्या सोडून नाचले. त्यानंतर आमच्याकडच्या वरातींत दुसरं गाणं वाजलेलं मला तरी आठवत नाही. आणि एवढा खर्च करून शेवटाला काय केलं? आवाजच बंद. त्यातल्या जोडप्याचं लेकरू रडतंय, तोंड उघडं आहे, पाय रक्तात आहेत, आणि आपल्याला काही ऐकू येत नाही. वाजवायला परदेशी गेले. रडवलं ते फुकटातल्या शांततेनं. पण ही शांतता नुसती आवाज काढून मिळत नाही. आधी अडीच तास कान भरलेला असावा लागतो, तेव्हा रिकामा झालेला कळतो. मालिकावाल्यांना पहिला अर्धा भाग बरोबर समजला. ते बिचारे वीस वर्षं कान भरतायत.

औंढ्याची गोष्ट इकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. संत नामदेव नागनाथाच्या देवळासमोर कीर्तन करत होते, पुजाऱ्यांनी उठवलं, ते मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले. तर देऊळच फिरलं म्हणतात. नंदी तेवढा मागं राहिला. मला यात चित्रपट व्यवसाय दिसतो. चांगला दिग्दर्शक म्हणजे ते देऊळ: खरा आवाज कुठून येतोय ते ऐकतो आणि सगळा डोलारा तिकडं वळवतो. नंदी कोण, ते निर्मात्यांनी आपसांत ठरवावं. माना डोलावण्याचा अनुभव त्यांना आहे.

तर परवा. सून जिन्यावर उभी, सासूच्या हातात पत्र, चेहऱ्यावर तिसरा झूम, ढॅण्ग, ढॅण्... आणि लाइट गेली.

अख्ख्या गल्लीतल्या सुना एकदम गप्प झाल्या. कुठंतरी कुत्रं भुंकलं. शेजारी भांडं पडलं, मग कुणीतरी कुणाला तरी हळू आवाजात रागावलं. काय ते कळलं नाही, पण दोघांत नवीन काही नव्हतं हे कळलं. अंधारात सुपातून आवाज आला, टण.

"झाली," काकू म्हणाल्या.