स्कॅनरकाका

नेरूळमधल्या कुठल्याही सोसायटीत रविवारी सकाळी एखाद्या गाडीच्या दारातून दोन पाय बाहेर आलेले दिसले, तर घाबरू नये. ते स्कॅनरकाका. उरलेले काका डॅशबोर्डाखाली असतात.

ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपनीत मेंटेनन्स खात्यात जन्म काढून निवृत्त झालेले. घरी बीपीचं यंत्र, ऑक्सिमीटर, पाण्याचा टीडीएस मोजायचं पेन सगळं आहे. घरातलं मोजण्यासारखं संपलं तेव्हा काकांची नजर 2002च्या वॅगन-आरकडे वळली. पंधरा वर्षं भरल्यावर हिची पुन्हा नोंदणी करून, हरित कर भरून, पावती लॅमिनेट केलेली. गाडी पहिल्या गिअरला जरा आचके देते, एवढंच. दुसरा कुणी गॅरेजला गेला असता. काकांनी डॅशबोर्डाखालच्या सॉकेटात खोचून गाडीचे दोष मोबाइलवर वाचायचा स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर मागवला.

"लाइट आली बघ!" डॅशबोर्डाखालून आवाज आला.

लाइट येणारच. त्या सॉकेटातल्या सोळाव्या पिनला थेट बॅटरीचा करंट असतो. मोबाइल मात्र म्हणत होता, गाडीशी संपर्क नाही. मग इग्निशन ऑन-ऑफ झालं, ब्लूटूथच्या पासवर्डात 1234 झालं, 0000 झालं, फ्यूज काढून फुंकर मारून झाली. वॉचमनला टॉर्च धरायला लावलं. स्कॅनरच बिघडला की काय म्हणून शेजाऱ्याच्या नव्या गाडीला लावून पाहिला. तिथे क्षणात जुळला, वर तिच्यातला एक दोषही सापडला. शेजारी आता गाडी रस्त्यावर लावतो.

"काका," मी धीर करून म्हटलं, "सॉकेट तेच असलं तरी भाषा ती नाही. आपल्याकडे ओबीडीची, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून सांगायची, सक्ती 2010ची, ओबीडी-2ची 2013ची. त्याआधीच्या बऱ्याच गाड्या कंपनीच्या यंत्राशीच, आपल्या खासगी भाषेत बोलायच्या."

"अमेरिकेत 1996पासून आहे!"

"गाडी नेरूळची आहे, काका."

"बॅटरी माझी, पेट्रोल माझं, आणि बोलणार कंपनीशी?"

शेवटी काकूंनीच शिरवण्याहून मेस्त्री बोलावला. त्याच्या हातात यंत्र नव्हतं, वीतभर वायर होती. त्या वायरने त्याने बॉनेटखालच्या एका बारक्या कपलरमधल्या दोन पिना जोडल्या, चावी फिरवली आणि डॅशबोर्डावरच्या चेक इंजिनच्या दिव्याकडे बघत बसला. दिवा एकदा लुकलुकला, थांबला, मग दोनदा. पुन्हा तसंच.

"बारा," मेस्त्री म्हणाला.

काकांचा चेहरा उतरला. "वाजले का?"

"नाही हो काका. बारा म्हणजे कॉम्प्युटरची काही तक्रार नाही." त्याने एअर फिल्टर बाहेर काढून आपटला. सायन-पनवेल हायवेचा बराचसा भाग खाली पडला.

काका तिकडे बघतच नव्हते. त्यांनी ती वायर उचलून उजेडात धरली होती.

"ही ऑनलाइन मिळते का रे?"