एक कागद, अकरा हात

आमच्या परिसराच्या नागरी कृती समितीनं रस्त्यासाठी पुन्हा एकदा निवेदन दिलं. त्याचा फोटो तुम्ही पाहिलाच असेल. आमचा नसेल तर तुमच्या परिसराचा पाहिला असेल. फरक पडत नाही. टेबल, टेबलावर काच, काचेखाली जुनं कॅलेंडर, टेबलामागं साहेब आणि मधोमध एक कागद. त्या कागदाला अकरा हात लागलेत. बारावा साहेबांचा.

मला हल्ली या फोटोतलं दुसरं काही दिसतच नाही. ए-फोर कागद 21 सेंटिमीटर रुंद आणि 29.7 सेंटिमीटर लांब. त्याची एक कड साहेबांच्या हातात जाते, कारण शेवटी तो त्यांना द्यायचा असतो. उरलेल्या जागेत अकरा जणांची सोय लावायची म्हणजे नगररचनेचंच काम. वरचा कोपरा अध्यक्षांचा, खालचा कार्याध्यक्षांचा. संस्थापक-अध्यक्ष हे वेगळे गृहस्थ. त्यांचा अंगठा वरच्या कडेवर, अध्यक्षांच्या अंगठ्यापेक्षा तसूभरही खाली येणार नाही असा. मग निमंत्रक, मुख्य समन्वयक, सहसमन्वयक, सचिव आणि खजिनदार. समितीकडे पैसे नाहीत, पण खजिनदार आहेत. महिला आघाडीच्या दोन मॅडमना पुढं उभं केलंय, म्हणजे त्यांचे चेहरे दिसतात पण हात कागदापर्यंत पोचवताना त्यांना अर्धं वळावं लागलंय. आणि सी विंगचे काका. काका स्वतः कुणाच्या तरी खांद्यामागं पूर्ण गडप झालेत. पण दोन माणसांच्या मधल्या फटीतून त्यांची तर्जनी आलीय आणि कागदाला टेकलीय. पुष्कराजाच्या अंगठीवरून ओळखू येते. दुसऱ्या दिवशी काकांनी तोच फोटो बोट ठळक दिसेल इतका मोठा करून सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

कागदाचं तोंड कॅमेऱ्याकडे आहे. हे नीट लक्षात घ्या. अकरा जण कॅमेऱ्याकडे पाहतायत, साहेब कॅमेऱ्याकडे पाहतायत आणि कागदही कॅमेऱ्याकडे पाहतोय. म्हणजे ज्यानं तो वाचायचा, त्याला त्याची कोरी पाठ दिसतेय. साहेबांना याचं काहीच वाटत नाही. ते या कामात मुरलेले आहेत. कुणी आत येऊन मोबाइल काढला की त्यांची खुर्ची आपोआप तिरकी होते आणि चेहऱ्यावर ते खास हसू येतं, ज्यात होकारही नसतो आणि नकारही नसतो. पहिल्या फोटोत खजिनदारांचे डोळे मिटले, दुसऱ्यात कागद उलटा होता, म्हणून तिसरा काढावा लागला. त्यात साहेबांचा चहा निवला. समितीनं दिलगिरी व्यक्त केली. रस्त्याबद्दल कुणी व्यक्त केली नाही.

मजकूर मी वाचलाय, कारण समितीच्या ग्रुपवर तो आठवडाभर दुरुस्त होत होता. ‘वरील विषयास अनुसरून आपणांस विनंती की’ इथपासून ‘अन्यथा समितीस तीव्र आंदोलन छेडावे लागेल व होणाऱ्या परिणामांची सर्वस्वी जबाबदारी प्रशासनाची राहील’ इथपर्यंत. दुरुस्त्या मजकुरात नव्हत्याच. खाली नावं कुठल्या क्रमानं घ्यायची, यावर होत्या. तीव्र आंदोलन मागच्या वर्षी एकदा छेडलंही होतं. सगळ्यांनी काळ्या फिती लावून निवेदन दिलं.

आता रस्त्याकडे येऊ. समिती आली नाही, निदान मी तरी यावं.

2021 साली पुणे शहरात 23 गावं आली, त्यातलंच आमचं एक. त्याआधी इथं ग्रामपंचायत होती, ऊस होता आणि उसातून जाणारी एक बैलगाडीची वाट होती. ग्रामपंचायत गेली, ऊस गेला, वाट राहिली. तिलाच आराखड्यात 18 मीटरचा रस्ता म्हणतात. प्रत्यक्षात तिथं रिक्षा आणि टँकर समोरासमोर आले की रिक्षाला मागं जावं लागतं, कारण टँकरला मागं जायला मागचे टँकर देत नाहीत. रस्ता पुढं एका पत्र्याच्या कुंपणाला जाऊन धडकतो. कुंपणापलीकडच्या जागामालकाला रोख मोबदला हवाय, देणाऱ्यांना टीडीआर, म्हणजे पैशांऐवजी बांधकामाचा हक्क, द्यायचाय, आणि दोघंही आपापल्या जागी बसून आहेत. घाई दोघांनाही नाही. घाई फक्त ज्याला साडेनऊला हिंजवडीत पोचायचंय त्याला, आणि त्याच्याकडे द्यायला ना रोख आहे ना टीडीआर.

पण हाच रस्ता कागदावर फार कामाचा आहे. 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मूळ चटई क्षेत्र निर्देशांक 1.1 आहे, आणि त्यावर प्रीमियम आणि टीडीआर किती चढवता येईल, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. रस्ता जितका रुंद, तितके मजले जास्त. आमच्याकडे मजले 18 मीटरचे झाले आणि रस्ता बैलगाडीचा राहिला. जो रस्ता चालायला नाही, गाडी घालायला नाही, रुग्णवाहिका वळवायला नाही, त्याच्या जिवावर बावीस बावीस मजले उभे आहेत, आणि त्या मजल्यांवर राहणारी माणसं हप्ते भरून, मालमत्ता कर भरून, पावसाळ्यात पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, एका हातात बूट आणि दुसऱ्या हातात पोराचं दप्तर घेऊन स्कूल बसपर्यंत जातात. बस आत येत नाही. चालकाला विचारलं तर तो म्हणतो, रस्ताच नाही. त्याला आराखडा कुणी दाखवलेला नाही.

पाण्याचंही कागदावर चोख आहे. महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी आम्ही पुरवू, असं हमीपत्र बिल्डर देतो आणि मग परवानगी मिळते. नंतर सोसायटी स्थापन होते, बिल्डर पुढच्या प्रकल्पाच्या भूमिपूजनाला जातो आणि हमीपत्र फायलीत राहतं. टँकरचं बिल मात्र सोसायटीच्या नावानं येतं. माणशी 135 लिटरचा निकष धरा, घरटी चार माणसं धरा. 400 फ्लॅट म्हणजे दिवसाला दोन लाख 16 हजार लिटर. दहा हजारी टँकर 22. हे एका सोसायटीचं. अशा किती, ते पहाटे पाचला खिडकीत उभं राहून मोजा. झोप तशीही लागत नाही, कारण प्रत्येक टँकर गेटात शिरताना मागं येतो आणि मागं येताना त्याचा भोंगा वाजतो. बावीस टँकर, बावीस भोंगे, आणि एकानंही चाल बदललेली नाही. शहरातल्या यच्चयावत आवाजांवर समित्या झाल्या, ढोलांवर झाल्या, लग्नाच्या बँडवर झाल्या. या भोंग्यावर आजवर कुणी ‘ब्र’ काढलेला नाही. मी काढला होता. ग्रुपवर. खाली अठ्ठावीस जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली आणि एकानं सुविचार.

2024 च्या ऑक्टोबरपासून हमीपत्राला शंभराऐवजी पाचशेचा स्टँप लागतो. हमीचा भाव वाढला ही त्यातल्या त्यात प्रगती म्हणायची.

बरं, विचारायची दुसरी सोय नाही असंही नाही. माहिती अधिकाराचा कायदा 2005 पासून आहे. साध्या कागदावर अर्ज, त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, आणि तीस दिवसांत उत्तर देणं साहेबांवर बंधनकारक. त्या हमीपत्राची प्रत मागता येते. भूसंपादनाची फाइल कुठल्या टेबलावर किती दिवस होती, हे विचारता येतं. उत्तर नाही आलं तर अपील करता येतं. हे सगळं मी समितीच्या बैठकीत सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग सचिवांनी विचारलं, अर्ज किती जणांच्या नावानं करता येतो? म्हटलं, एकाच्या. बैठकीत शांतता पसरली. माहितीच्या अर्जाचा फोटो निघत नाही. तो खिडकीतून आत सरकवावा लागतो, आणि आत जो हात तो घेतो त्याला चेहराही नसतो. विषय पुढच्या बैठकीवर ढकलण्यात आला, तिथून तो पुढच्या.

या अकरा हातांना जोर कधी आला, तेही सांगून टाकतो. राज्यातल्या बऱ्याच महापालिकांची मुदत 2022 मध्ये संपली आणि निवडणूक झाली ती थेट 2026 च्या जानेवारीत. मधली जवळजवळ चार वर्षं नगरसेवक नावाचा माणूसच नव्हता. प्रशासक होते, आणि त्यांच्या दारात समित्या. त्या काळात कागदाला लागलेलं प्रत्येक बोट इच्छुक होतं. कुणी फ्लेक्सवर ‘भावी’ लावला, कुणी ‘कार्यसम्राट’. खजिनदारांनी दोन्ही लावले. उमेदवारी एकालाही मिळाली नाही. ती मिळाली बिल्डरच्या पुतण्याला, ज्यानं आयुष्यात एकही निवेदन दिलेलं नव्हतं. हल्ली तो घेतो.

तेव्हापासून समितीत खदखद आहे. फुटली मात्र ती भलत्याच जागी. आमचे प्रसिद्धिप्रमुख गरीब माणूस. स्थापनेपासूनची सगळी निवेदनं त्यांनीच टाइप केली, बातम्या त्यांनीच लिहून पेपरांना धाडल्या आणि सगळे फोटोही त्यांनीच काढले. त्यामुळे एकाही फोटोत ते नाहीत. त्यांच्या पत्नीनं एकदा सरळ विचारलं, तुम्ही नक्की जाता कुठं? त्यांनी बैठकीत मागणी केली की एकदा तरी मोबाइल दुसऱ्यानं धरावा. कागदावर जागा नाही, असं कार्याध्यक्ष म्हणाले. ए-थ्री कागद घ्या, असं ते म्हणाले. तो साहेबांच्या फायलीत बसत नाही, असं अध्यक्ष म्हणाले. इतक्या वर्षांत साहेबांच्या फायलीची कुणी काळजी केल्याची ही पहिलीच वेळ.

प्रसिद्धिप्रमुखांनी वेगळी समिती काढली. आता परिसरात एका न झालेल्या रस्त्यासाठी दोन समित्या आहेत. नव्या समितीनं पहिलंच निवेदन असं दिलं की, जुन्या समितीनं आजवर दिलेल्या निवेदनांवर काय कारवाई झाली, याची सखोल चौकशी व्हावी. फोटोत प्रसिद्धिप्रमुख, आता अध्यक्ष, मधोमध आहेत आणि कागद त्यांनी दोन्ही हातांनी धरलाय. साहेबांनी दखल घेतली, तीही सात दिवसांच्या आत. पोच दिली, जावक क्रमांक टाकला आणि ते निवेदन ‘पुढील उचित कार्यवाहीस्तव’ जुन्या समितीकडे पाठवून दिलं.