जिभेची साक्ष आणि नाकाची जबानी

षड्रसांच्या परंपरेत तिखटाला मानाचे पान असले, तरी शरीरशास्त्र त्याला चव मानायला तयार नाही; ते त्याला सरळ वेदना म्हणते, आणि हे विधान जळगाव-धुळ्याकडे उघडपणे करणे धाडसाचे असले, तरी त्यामागचा पुरावा भक्कम आहे. मिरचीच्या आत बिया ज्या पांढरट शिरेला चिकटलेल्या असतात, तिच्यात कॅप्साइसिन हे द्रव्य सर्वाधिक असते. तोंडातील वेदनावाहक तंतूंच्या टोकांशी असलेल्या टीआरपीव्ही-१ नावाच्या प्रथिनाला ते जाऊन चिकटते. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये ओळखलेले आणि पुढे २०२१ च्या नोबेल पारितोषिकापर्यंत पोहोचलेले हे प्रथिन म्हणजे पेशीच्या आवरणातील एक दार असून, ते एरवी सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे, म्हणजे जळगावच्या मे महिन्यातल्या दुपारी हवा गाठते तेवढ्या तापमानाला उघडते. कॅप्साइसिन चिकटताच मात्र ते अंगच्या उष्णतेलाही उघडते, आणि मग चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणारी त्रिशाखी चेता मेंदूला आग लागल्याची वर्दी देते, जी सपशेल खोटी असते.

या खोट्या वर्दीवर देह जसा वागतो, त्याचे निरीक्षण करण्यास हिवाळ्यातील भरीत पार्टीइतकी सोयीची प्रयोगशाळा नाही. मळ्यात तुरीच्या वाळल्या काड्यांवर हिरवी-पांढरी वांगी भाजून, हिरव्या मिरच्या व लसणासह ठेचून, कांद्याची पात घातलेले भरीत कळण्याच्या भाकरीबरोबर पानात पडते, आणि तिसऱ्या घासाला यजमान "जास्त तिखट तर नाही ना झालं?" असे विचारतात. पाहुणा "छे, छे, मुळीच नाही" म्हणतो, कारण बोलणे मेंदूच्या बाह्यकाच्या, म्हणजे विचार व शिष्टाचार सांभाळणाऱ्या वरच्या थराच्या, हुकमतीत असते. डोळ्यांतले पाणी, नाकाची धार आणि कपाळावरचा घाम यांचा कारभार मात्र स्वायत्त चेतासंस्थेकडे, म्हणजे इच्छेला न विचारता चालणाऱ्या यंत्रणेकडे असल्यामुळे, ते त्याच क्षणी "हो" म्हणून मोकळे होतात. आणि एकाच देहाच्या या दोन जबान्यांतील विसंगतीकडे दोन्ही पक्ष सभ्यपणे काणाडोळा करतात.

इतके होऊनही पाहुणा पुन्हा भरीत मागतो, याचे स्पष्टीकरण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी असे दिले की, धोका खोटा असल्याचे उमगलेल्या मेंदूला त्या भीतीचीच मौज वाटू लागते. वेदनेवर उतारा म्हणून देहात तयार होणारी एंडॉर्फिनसारखी अफूसदृश द्रव्येही या मौजेला हातभार लावत असावीत. मेक्सिकोतील ज्या खेड्यात त्यांनी मिरचीच्या आवडीचा अभ्यास केला, तिथल्या कुत्र्या-डुकरांना रोज तिखट उष्टे-खरकटे खाऊनही तिची गोडी लागली नव्हती, यावरून या बाबतीत शहाणपण कोणाकडे, हा प्रश्न वाचकांवर सोपवणे सोयीचे. शिवाय मिरचीच्या वारंवार होणाऱ्या माऱ्याने वेदनावाहक तंतू बधिर होत जातात. तेव्हा "आमच्या रक्तातच तिखट आहे" या खानदेशी अभिमानाचे मूळ रक्तात न शोधता सरावलेल्या चेतातंतूंत शोधावे लागते. पक्ष्यांच्या टीआरपीव्ही-१ ला तर कॅप्साइसिन बाधतच नाही, त्यामुळे मिरची खाण्याच्या पैजेत शेतातला पोपट उतरला, तर शेवभाजीच्या रश्श्याच्या वाट्यांवर वाट्या रिचवणाऱ्या धुळ्याच्या नामवंतांनाही दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागेल.

तात्पर्य, तिखटाच्या बाबतीत जिभेची साक्ष ग्राह्य धरू नये, नाकाची धरावी. कॅप्साइसिन पाण्यात विरघळत नाही, दुधा-दह्यातील केसीन हे प्रथिन मात्र त्याला तंतूंपासून सोडवते. म्हणून खानदेशातील समस्त यजमानांना विनंती की, पाहुण्याचे "छे, छे" ऐकून पाण्याचा तांब्या पुढे करण्यापेक्षा, त्याच्या पानाशी न विचारता दह्याची वाटी ठेवावी.