गळ घालणे

'गळ घालणे' म्हणजे आग्रहाची विनंती करणे, असा अर्थ कोशात सापडतो. व्युत्पत्तीवाले त्याचं मूळ गळ्यात शोधतात की काट्यात, ते त्यांचं त्यांना ठाऊक. गेली बावीस वर्षं सुट्टीच्या दिवशी पाण्याकाठी बसून मी जे करतो, त्याला मात्र याहून नेमका शब्द नाही. मासेमारी म्हणवत नाही. तिथे मारावं लागतं. मी एका वाकड्या तारेला गांडूळ लावून ती पाण्यात सोडतो आणि समोरच्याला म्हणतो, या, दोन घास खाऊन जा. समोरचा येत नाही. मी पुन्हा म्हणतो. गणपतीची वर्गणी मागणारी पोरं, विमा विकणारे नातेवाईक आणि मी, तिघांचा धंदा एकच. त्यांच्या बाबतीत निदान दाराआड कोणीतरी आहे एवढी खात्री असते.

ही खोड आजोळची. भोरच्या खालच्या अंगाला, नीरेकाठी मामाचं गाव. न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेली केळ होती आणि तिच्या बुडाशी बाराही महिने ओल. तिथे खुरपं मारलं की काडू निघत. (गांडूळ हा शब्द मी पुढे शाळेत शिकलो. मामाच्या गावात ते काडूच होते, आणि शेतकऱ्याचे मित्र वगैरे असल्याचं त्यांच्या कानावर आलेलं नव्हतं.) करवंटीत माती, मातीत काडू, खांद्यावर वेळूची काठी, काठीला तंगूस, तंगुसाला बुडवायला शिशाचा तुकडा आणि तरंगायला मोरपिसाचा देठ. एवढ्या भांडवलावर मामा दुपारभरात कालवणापुरते मासे आणायचा. मला बोटभर चिलापी लागायची, तीही बहुधा दया म्हणून.

नोकरी लागल्यावर पुण्यात मी रीतसर साहित्य घेतलं. फायबरची दांडी, चकचकीत रीळ, खणाखणांची पेटी, अठरा खिशांचं जाकीट. अठरापैकी सतरा खिशांत काय ठेवायचं ते मला आजही कळलेलं नाही. मेव्हण्याला प्रेक्षक म्हणून बरोबर घेऊन एका धरणाच्या मागच्या पाण्यावर गेलो, सिनेमात पाहिली होती तशी दांडी मागे नेली आणि भिरकावली. गळ गेला बाभळीवर. तो सोडवायला शेंडा खाली ओढला, तेव्हा बाभळीने स्वतःचेही आठदहा गळ मला लावले. दुसऱ्या फेकीला मेव्हण्याची टोपी उडाली आणि झोकात जाऊन पाण्यात पडली. त्या दिवसाची एकुलती एक चांगली फेक तीच. "भावोजी," मेव्हणा म्हणाला, "कान थोडक्यात वाचला." तेव्हापासून तो माझ्या मागे कधीही उभा राहत नाही. घरातसुद्धा.

हा सगळा प्रकार एक आजोबा लांबून पाहत होते. भोई समाजातले, हयात पाण्यावर गेलेली. जवळ येऊन त्यांनी आधी बाभळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पाव्हणं, झाडाला मासं लागत न्हाईत."

मी कसनुसा हसलो. ते शेजारी बसले आणि पुढची दहाएक वर्षं, मी गेलो की तिथेच बसत राहिले. मला जे काही येतं ते त्यांचं आहे. पहिला धडा: बसा. उभ्या माणसाची सावली पाण्यावर पडते, आणि सावली म्हणजे बगळा हे माशाला आईच्या पोटातून कळतं. दुसरा: "बोला किती बी, पर पाय आपटू नगा." मी इतकी वर्षं उलटं करत होतो. तोंड मिटून बसायचो आणि कंटाळा आला की पाय मोकळे करायला काठावर धपाधपा फिरायचो. हवेतल्या बोलण्यापैकी फार थोडं पाण्यात उतरतं. जमिनीचा हादरा मात्र थेट पोचतो. माशाच्या दोन्ही कुशींवरून गेलेली बारीक रेघ याच कामाची असते. पाण्यातली हालचाल आणि थरथर तो तिच्यावर टिपतो, म्हणजे अंगभर कानच म्हणायचे. तेव्हापासून मी काठावर मांजरासारखा चालतो आणि म्हशीसारखा बसतो.

तिसरा धडा धीराचा. पीस जरा हललं की मी हिसका मारायचो आणि रिकामा गळ माझ्याच कपाळाच्या दिशेने यायचा. आजोबा म्हणाले, "पयला टोचा त्येचा. दुसरा बी त्येचाच. पीस आडवं चालू लागलं, की मंग तुमचा." मासा आधी चाखून पाहतो, सोडतो, पुन्हा घेतो, आणि ऐवज आपलाच अशी खात्री पटली की घेऊन निघतो. त्या निघण्याच्या क्षणी मनगटाला एक छोटा झटका द्यायचा. मनगटालाच. मी आधी खांद्यापासून द्यायचो. त्यात मासा तर जायचाच, एकदा चष्माही गेला.

माशाचं तोंड बघायलाही त्यांनीच शिकवलं. तळं ही तिमजली इमारत आहे. वरच्या मजल्यावर कटला. त्याचा खालचा जबडा पुढे आलेला, तोंड आभाळाकडे, वर तरंगणारं बारीकसारीक खाणं गाळून खाणारा. मधल्या मजल्यावर रोहू. तळमजल्यावर मृगळ, तोंड खाली वळलेलं, गाळ चिवडणारं. कोणत्या मजल्यावरच्या भाडेकरूला गळ घालायची ते ठरवून पीस तंगुसावर वरखाली सरकवायचं. मी सहा महिने मृगळासाठीची कणीक कटल्याच्या दारात टांगत होतो. चुकीच्या पत्त्यावर पत्रं टाकून उत्तर येत नाही म्हणून रुसावं, तसं चाललं होतं.

कणकेचंही शास्त्र आहे. नुसता गोळा पाण्यात पाच मिनिटांत विरघळतो आणि आपण उघड्या तारेकडे तासभर भक्तिभावाने पाहत राहतो. म्हणून कणीक घट्ट मळायची, त्यात भुईमुगाची पेंड कुटून घालायची आणि मळताना कापसाचे थोडे तंतू मिसळायचे. मग गोळा गळाला धरून राहतो. बसण्याआधी त्याच जागी पेंडीचा मूठभर चुरा टाकून ठेवायचा, म्हणजे मंडळी जमतात. एका रविवारी पहाटे घाईत मी उरलेली कणीक ओट्यावरच विसरलो आणि बायकोने तिच्या पोळ्या लाटल्या. नाश्त्याला मुलगा म्हणाला, "आई, पोळीला टाके घातलेस का?"

बायकोचा उल्लेख आलाच आहे तर सांगून टाकतो. ती मालवणची. तिच्या लेखी समुद्रात असतात ते मासे. तळ्यात असतात त्यांना काय म्हणतात हे तिला ठाऊक नाही आणि जाणून घ्यायची इच्छाही नाही. लग्नानंतर पहिल्यांदा मी दीड किलोचा रोहू घरी नेला. जावईशोध लावल्यासारखा चेहरा करून तो ओट्यावर ठेवला. तिने तो उलटापालटा केला, वास घेतला आणि थेट माहेरच्या भाषेत शिरली. "ह्येका मासो म्हणतत?" तिचा आक्षेप मातीच्या वासावर होता आणि तो खरा आहे. तळ्याच्या माशाला तो वास येतोच. मीठ, हळद आणि चिंचेच्या कोळात अर्धा तास ठेवून मग धुतलं तर पुष्कळसा जातो. उरतो तो मालवणच्या नाकाला येतोच. तिथे इलाज नाही.

मरळीला मात्र तिने माफ केलं, कारण मरळीत काटे कमी. मरळ हा मला पाण्यातला सगळ्यात संसारी प्राणी वाटतो. हवा घ्यायला मधूनमधून वर येते, बुळुक असा आवाज करून आत जाते, त्यामुळे कुठे आहे ते कळतं. उन्हाळ्याच्या शेवटी किंवा पावसात कधी पाण्यावर तांबूस नारिंगी ठिपक्यांचा एक गोळा सरकताना दिसतो. ती मरळीची पिल्लं. आईबाप खालीच पहाऱ्यावर असतात. त्या गोळ्याशेजारी बेडूक नाचवला तर मोठी मरळ हमखास झेपावते; भुकेने नव्हे, पिल्लांना धोका आहे असं समजून. म्हणून तिथे गळ टाकायचा नाही. हा आजोबांचा कायदा होता आणि तो मोडणाऱ्या एका शहरी पोराला त्यांनी ज्या भाषेत समज दिली, ती छापता येण्यासारखी नाही. पोर मोटारसायकल ढकलत चढापर्यंत गेलं, मगच सुरू करायची हिंमत झाली त्याला.

पावसाळ्याच्या तोंडालाही आम्ही घरी बसतो. रोहू, कटला, मृगळ पावसाच्या नव्या पाण्यातच अंडी घालतात. ऐन लग्नघाईत कुणाच्या दारात उभं राहून गळ घालू नये. शिवाय त्या दिवसांत धरणातून पाणी कधी सुटेल त्याचा नेम नसतो आणि काठचा गाळ माणसाला गुडघ्यापर्यंत प्रेमाने धरतो. माझी एक चप्पल असल्याच गाळात कायमची वस्तीला आहे. बाकी उपदेश दोनच. धरणं-तलाव बहुतेक मच्छीमार संस्थांकडे ठेक्याने असतात, तेव्हा आधी त्यांना विचारावं. आणि तुटलेला तंगूस काठावर टाकून येऊ नये. बगळ्याच्या पायात गुंतलेला मी एकदा सोडवला आहे. बगळ्याने आभार म्हणून अंगठा फोडला.

पुण्याच्या माणसाला मासेमारीचा इतिहास नाही असं वाटतं, पण आहे. दख्खनचा महाशीर शास्त्राच्या वहीत प्रथम नोंदवला गेला तो १८३९ साली, आणि कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने त्याचं वर्णन केलं ते पुण्याच्या पूर्वेला काही मैलांवर मुळा-मुठेत मिळालेल्या माशांवरून. हे वाचल्यावर मी एका रविवारी दांडी न घेता, नुसत्या श्रद्धेने बंडगार्डनच्या पुलावर जाऊन उभा राहिलो होतो. जलपर्णी होती, फेस होता, एक सोफा वाहत चालला होता. महाशीरने स्थलांतर केलं असल्यास त्याच्याकडे सबळ कारणं आहेत. लोणावळ्याला टाटांच्या वीजकंपनीने १९७० च्या दशकापासून याच माशाची पैदास करून पिल्लं जागोजाग सोडली, म्हणून आपल्याकडे त्याचं नाव तरी टिकलं.

मुंबईकरांची सोय बरी. पवईला १९५५ पासून गळवाल्यांची रीतसर संस्था आहे. तिथे मगरीही आहेत. मी एकदा पाहुणा म्हणून गेलो होतो, तेव्हा समोरच्या चिखलात एक मगर पडलेली होती, सकाळी सातपासून अकरापर्यंत तस्सूभर न हलता. आम्ही एकमेकांकडे पाहत बसलो. दोघांनाही काही लागलं नाही. एवढी सहनशील सोबत मला पुढे मिळाली नाही.

गळवाले खोटं बोलतात, हा आरोप मी फेटाळतो. तीन वर्षांपूर्वी काठाशी आणून सुटलेली माझी मरळ तेव्हा दीड किलोची होती. मधल्या काळात तिला खाणं चांगलं मिळालं असावं. मागच्या दिवाळीत ती साडेतीनपर्यंत आली होती.

अलीकडे मी मासे सोडून देतो. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकला आहे, म्हणजे गळ अलगद निघतो. हात आधी ओला करायचा; कोरड्या हाताला माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि मग त्याला पाण्यातले रोग गाठतात. पाण्यात धरून ठेवायचं, कल्ले नीट हलू लागले की तो आपला आपण जातो. आजोबांना हे कधीच पटलं नाही. "धरायचं आन सोडायचं? मंग बलिवलं कशापायी?" मी त्यांना खिलाडूवृत्ती वगैरे समजावून पाहिलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "त्येच्या ओठाला इचारा." यावर मला उत्तर सुचलेलं नाही. ते गेल्याला आता चार वर्षं झाली, तरी सुचलेलं नाही. त्यांची बसायची जागा, एक सपाट दगड, मी रिकामा ठेवतो. मेव्हणा त्यावर डबा ठेवतो, मी तो उचलून खाली ठेवतो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सगळे महाडकडे गेलो होतो. तिथे वाळण कोंडीला काळ नदीचा एक डोह आहे, वरदायिनी देवीचा. त्यात महाशीर आहेत, हातभर लांबीचे, आणि त्यांना कोणी धरत नाही; देवमासे म्हणतात. लोक येतात, पाण्यात फुटाणे टाकतात, मासे वर येऊन खातात. पीस नाही, शिसं नाही, पेंड नाही. ज्याच्यासाठी मी बंडगार्डनला उभा राहिलो, तो मासा माझ्यापासून हातभर अंतरावर तोंड उघडून फुटाणे मागत होता. म्हणजे इथे गळ तोच घालत होता.

मी कडेला बसलो. सावली मागे पडेल असा, पाय न आपटता. बायकोने माझ्या ओंजळीत फुटाणे दिले. मी दोन टाकले. खालून एक मोठी सावली तिरकी वर आली, शेपटीकडून सोनेरी चमकली, फुटाणा घेतला आणि आडवी चालू लागली.

माझ्या मनगटाने झटका दिला. ओंजळीतले सगळे फुटाणे उडून शेजारी हात जोडून उभ्या असलेल्या एका बाईंच्या पदरात पडले. मेव्हणा झटदिशी दोन पावलं मागे सरकला होता.

"अहो," बायको म्हणाली, "निदान देवीसमोर तरी!"

बाईंनी मात्र पदर सावरला, फुटाणे कपाळाला लावले आणि प्रसाद म्हणून खाल्ले.