केंद्राकडे तोंड करून

रीझनिंगराव तुम्हाला ठाऊक आहे. नावानं नसेल, पण तोंडओळख नक्की असणार. पुण्यात नवी पेठ, सदाशिव पेठ, शास्त्री रोड या टापूत सकाळी सातला अभ्यासिकेत शिरणारी आणि रात्री अकराला बाहेर पडणारी जी तरुण (आणि हळूहळू तितकीशी तरुण न राहिलेली) मंडळी दिसतात, त्यांच्यात एक तरी रीझनिंगराव असतोच. बाकीचे इतिहास, भूगोल, राज्यघटना पाठ करतात, लक्ष्मीकांतचं जाडजूड पुस्तक उशाशी घेऊन झोपतात. हा गडी पाठ काहीच करत नाही. हा सोडवतो. वर्तमानपत्राचा समास, लाइट बिलाची पाठकोरी बाजू, मेसचं कूपन, जिथे म्हणून पांढरं दिसेल तिथे हा वर्तुळ काढतो आणि त्याच्याभोवती अ, ब, क, ड बसवतो.

आमचा रीझनिंगराव वरच्या खोलीत राहतो. खोलीत तीन कॉट आहेत आणि खोली कॉट बेसिसवर दिलेली आहे. म्हणजे छप्पर आमचं, पंखा सगळ्यांचा आणि कॉट ज्याची त्याची. हा मूळचा जत तालुक्यातला, म्हणून खोलीत त्याला सांगलीकर म्हणतात. त्या वेळी उरलेल्या दोन कॉटांवर एक लातूरकर आणि एक नगरकर होता. त्या दोन कॉटांवरची माणसं बदलत असतात.

त्याचा खरा परिचय झाला तो कुरिअरवाल्यामुळे. फाटकात उभा राहून तो शेजारच्या इमारतीचा पत्ता विचारत होता. मी सांगणार, तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला, "थांबा काका. दादा, आधी मला सांगा, तुमचं तोंड कुणीकडे?"

"तुमच्याकडंच आहे की," कुरिअरवाला म्हणाला.

"तसं नाही. आत्ता सकाळ आहे. तुमची सावली उजव्या हाताला पडली, तर तुम्ही दक्षिणेकडे तोंड करून उभे आहात. मग डावीकडे वळलात की पूर्व. तिथून वीस मीटर..."

कुरिअरवाल्यानं सावली शोधली. श्रावण होता, आभाळ भरलेलं होतं, सावली नव्हती. पार्सल त्यानं आमच्याच हातात टेकवलं आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी ते भांडून नेलं.

तेव्हापासून 'तोंड कुणीकडे' हा आमच्या घराला लागलेला रोग आहे. नवं कपाट आलं, तोंड कुणीकडे? टीव्ही हलवला, तोंड कुणीकडे? कोपऱ्यावर दोन माणसं भांडत होती, मी गॅलरीतून ओरडून काय झालं ते विचारलं, तर हा म्हणाला, "एकाचं तोंड उत्तरेला आहे काका, दुसऱ्याचं दिसत नाहीये."

या प्रश्नाला त्यांच्या शास्त्रात मोल आहे, हे मला पुढे कळलं. बँकेच्या अधिकारी भरतीच्या पूर्वपरीक्षेत रीझनिंगचे ३५ प्रश्न असतात आणि मिनिटं २०. त्यातली बरीच जागा बैठक व्यवस्थेनं अडवलेली असते. आठ मित्र गोल टेबलाभोवती बसले आहेत. काहींची तोंडं केंद्राकडे, काहींची बाहेर. (गोल टेबलाशी बसून बाहेर बघणारे हे कसले मित्र, असं आपल्याला वाटतं. परीक्षेत ते विचारत नाहीत.) ब च्या डावीकडे तिसरा अ आहे. आता ब केंद्राकडे बघत असेल तर डावीकडे म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं मोजायचं, बाहेर बघत असेल तर उलट. एका ब चं तोंड चुकलं की आठही जण भलत्याच खुर्च्यांवर जाऊन बसतात, त्यांच्यावरचे पाचही प्रश्न चुकतात आणि वर प्रत्येकी पाव गुण कापला जातो. मी स्वतः बँकेत नोकरी केली. आमच्या शाखेत कोण कुठे बसतो हे ठरवायला युनियन होती.

सकाळच्या आंघोळीवरून वरच्या खोलीत रोज वाद व्हायचा, कारण गिझर लहान आणि गरम पाणी दोघांनाच पुरायचं. सांगलीकरानं एका संध्याकाळी तो कायमचा मिटवला. भिंतीवर कागद डकवला: 'नगरकर हा लातूरकराच्या लगेच नंतर जाईल, कारण टॉवेल एकच आहे. सांगलीकर पहिला जाणार नाही, कारण त्याला जाग येत नाही. तर क्रम सांगा.' उत्तर एकच निघतं. लातूरकर, नगरकर आणि शेवटी सांगलीकर. अटी त्यानंच घातलेल्या होत्या आणि त्यातून निघालेलं थंड पाणी त्यानं पुसाच्या महिन्यातही मुकाट्यानं अंगावर घेतलं. "उत्तर बरोबर आहे ना काका," एवढंच तो कुडकुडत म्हणाला.

पण कळस झाला तो आमच्या सत्यनारायणाच्या पंगतीला. हॉलमध्ये समोरासमोर दोन रांगा मांडायच्या होत्या. समोरासमोरच्या दोन समांतर रांगा! त्याच्या अभ्यासक्रमातला मानाचा प्रकार. "काका, तुम्ही फक्त अटी सांगा," तो म्हणाला. मी सांगितल्या. आत्या आणि मोठ्या वहिनी शेजारी नकोत. नाना श्रीखंडाच्या पातेल्यापासून लांब हवेत. जावईबापू टोकाला नकोत. ज्यांचे गुडघे दुखतात ते भिंतीला टेकून. त्यानं दोन तास खपून आकृती काढली आणि खरोखर, एकही अट मोडली नव्हती. पानं वाढली, रांगोळ्या घातल्या, मंडळी बसली. आत्यानं भाताला हात घालण्याआधी मान वर केली आणि विचारलं, "का रे बाळा, माझं तोंड कुणीकडे आलंय?"

त्याला हा प्रश्न आयुष्यात प्रथमच कुणीतरी आपण होऊन विचारला होता. त्याचा चेहरा उजळला. "दक्षिणेकडे, आत्या!"

आत्या पाटावरून उठली. तिच्या पाठोपाठ वहिनी उठल्या, मग जावईबापूंच्या मातोश्री, मग गुडघेवाले. दक्षिणेला तोंड करून जेवायचं ते काय आम्ही मेल्यावर, असं आत्यानं खणखणीत आवाजात सांगितलं. शेवटी सगळ्यांना एकाच रांगेत बसवलं. ती रांग हॉलमधून निघाली, बोळातून गेली आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली संपली. नाना नेमके श्रीखंडाच्या पातेल्याशी आले. रीझनिंगराव आकृती हातात धरून दारात उभा होता. "ही अट दिलेली नव्हती, काका," तो म्हणाला. त्याच्या आवाजातली तक्रार माझ्याबद्दल नव्हती, प्रश्न काढणाऱ्याबद्दल होती.

आमच्या हिच्याशी त्याचं जास्त जमतं. ती मेथी निवडत बसली की हा समोर येऊन बसतो.

"काकू, ऐका हं. सर्व टेबलं खुर्च्या आहेत. काही खुर्च्या झाडं आहेत. तर काही टेबलं झाडं आहेत, असा निष्कर्ष निघतो का?"

"टेबल खुर्ची कसं असेल?"

"ते विचारायचं नाही. विधान जगाच्या उलट असलं तरी खरंच धरायचं, अशी सूचना असते."

"म्हणजे निवडणुकीतल्या भाषणासारखं," ही म्हणाली. आणि मग जुड्या बाजूला सारत, "नाही निघत. झाडं ज्या खुर्च्या आहेत त्या दुसऱ्याच असतील, टेबलं नसतील."

बरोबर होतं. तो थक्क झाला. मी झालो नाही. आमच्या घरात कुठल्या विधानातून काय निघतं हे गेली कित्येक वर्षं तीच ठरवते. आपल्या जुन्या न्यायशास्त्राला मात्र हा प्रकार पटला नसता. तिथे अनुमानाचे पाच अवयव: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर धूर आहे म्हणून आग आहे, एवढं म्हणून सुटका नाही. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात, असं डोळ्यांदेखतचं उदाहरण द्यावं लागतं. या मुलांच्या प्रश्नपत्रिकेत उदाहरणाला जागा नाही आणि आयुष्यात स्वयंपाकघराला. सगळे मेसचं खातात.

मध्यंतरी तो मुलगी बघायला गेला. परत आल्यावर हिनं उत्सुकतेनं विचारलं, कशी होती? त्यानं कागद मागितला. मुलीचे वडील सोफ्याच्या डाव्या टोकाला, मामा त्यांच्या उजवीकडे दुसरे, आजी देव्हाऱ्याकडे तोंड करून. "आणि मुलगी?" ती पोहे ठेवून आत गेली होती. तिच्या वडिलांनी एकच विचारलं होतं, पोस्ट कधी निघणार? त्यावर रीझनिंगरावानं, दिलेली माहिती अपुरी आहे, असं उत्तर दिलं. पर्याय म्हणून ते बरोबर होतं. पुन्हा बोलावणं आलं नाही.

इथपर्यंत हा माणूस मला वैताग म्हणूनच माहीत होता. पण त्याची दुसरी बाजू आहे, आणि ती मला लातूरकराकडून कळली.

राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत २०१३ साली सी-सॅटचा पेपर आला. ८० प्रश्न, २०० गुण, दोन तास. उतारे, गणित, रीझनिंग. पहिल्या दिवसापासून ओरड सुरू झाली, की हा पेपर इंजिनिअरांच्या सोयीचा आहे. खेड्यातल्या, कला शाखेतल्या पोरांनी काय करायचं? ओरड खरीच होती. आणि आमचा सांगलीकर म्हणजे अगदी त्यातलंच पोर: जतकडचं गाव, घरची कोरडवाहू जमीन, बी. ए. मराठी. बारावीनंतर गणिताशी संबंध नव्हता. त्यानं जुन्या पुस्तकांच्या दुकानातून रीझनिंगची फाटकी पुस्तकं आणली आणि तो वर्तुळं काढत बसला. काही वर्षांत अशी वेळ आली, की अभ्यासिकेतले इंजिनिअर अडले की वही घेऊन त्याच्या टेबलाशी येत. सामान्य अध्ययनात हा जेमतेम. सनावळ्या त्याच्या डोक्यात टिकत नाहीत. पण दुसऱ्या पेपरातले गुण त्याला ओढून न्यायचे. दोनदा तो मुख्य परीक्षेपर्यंत गेला तो या वर्तुळांच्या बळावर.

२०२२ मध्ये आयोगानं तो पेपर पात्रतेपुरता केला. ३३ टक्के मिळवा. त्याच्या वर कितीही मिळाले तरी ते मोजायचे नाहीत. २०० पैकी ६६. ज्याला १५० पडतात आणि ज्याला ६६, ते दोघे आता सारखे.

पेठेत मुलं खूष होती. वरच्या खोलीतही त्या संध्याकाळी चहा आणि क्रीमरोल आले. ते सांगलीकरानं आणले होते. लातूरकर मला जिन्यात म्हणाला, "काका, हा पेपर पात्रतेचा करा म्हणून आम्ही जे निवेदन दिलं होतं ना, त्याच्यावर याची पण सही आहे." मी वर गेलो. म्हटलं, अरे, तुला वेड लागलंय का? तुझं हुकमाचं पान तू स्वतःच टाकलंस?

"मागणी बरोबर होती, काका," तो म्हणाला. "खेड्यातल्या पोरांवर अन्याय होत होता, हे विधान. पेपर पात्रतेचा करा, हा निष्कर्ष. निघत होता की."

"आणि तू?"

"मी विधानात नव्हतो."

त्यानंतर त्यानं काय करावं? पुस्तकं रद्दीत घालावीत आणि सनावळ्या पाठ कराव्यात. ते तो करतोही, पण मन लागत नाही. त्याऐवजी तो इतरांना ६६ मिळवून देतो. रात्री मेसहून आल्यावर आमच्या गच्चीवर दहा-बारा पोरं जमतात. कला शाखेची, गणिताला घाबरणारी, बहुतेक पोरी. बल्बखाली तो खडूनं फरशीवर वर्तुळ काढतो आणि त्यांनाच सभोवती बसवतो. "तू बाहेर तोंड कर. आता तुझा डावा हात कुठला? बघ, फिरला की नाही?" ज्या पोरी क्लासमध्ये दोन-दोन महिने गप्प बसून आल्या त्या इथे हसत हसत डावं-उजवं शिकतात. फी नाही. मी एकदा गच्चीचं वीजबिल काढून दाखवलं. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर दुसऱ्या दिवशी कोडं होतं.

लातूरकर नायब तहसीलदार झाला. गावानं मिरवणूक काढली, चौकात फ्लेक्स लागला, आमदारांनी शाल घातली. आमचा सांगलीकर हौसेनं गेला होता. लातूरकरानं फोटो पाठवला तो मी पाहिला: व्यासपीठावर चौदा-पंधरा माणसं, यातल्या निम्म्यांनी त्या मुलाला परीक्षेआधी ओळखही दिली नसेल, सगळी कॅमेऱ्याकडे तोंड करून. टोकाला एकाची फक्त पाठ आहे. तो मंडपवाल्याला खुर्च्या कशा लावायच्या ते सांगतोय.

बँकेची दारं त्याला तिशीलाच बंद झाली. राज्यसेवेला खुल्या गटातून अडतिसापर्यंत बसता येतं, तेही आता फार लांब नाही. वडिलांचा फोन आला की तो गॅलरीत जातो आणि भिंतीकडे तोंड करून बोलतो. मी पाहिलंय, पण मी काही विचारत नाही.

परवा मी घरात भाडेवाढीचा विषय काढला. पेठेत कॉटचा दर कुठे गेलाय आणि आपण अजून कुठे आहोत, हे आकड्यांनिशी मांडलं. आमची नात पाचवीत आहे, शिष्यवृत्तीला बसलीय. बुद्धिमत्ता चाचणीचा तिचा अभ्यास वरच्या खोलीत होतो. तिनं वहीचं पान फाडलं, गोल काढला आणि म्हणाली, "आजोबा, आपण चौघं जेवायला बसलोय. आजी, आई आणि मी, तिघींची तोंडं बाहेर. तर केंद्राकडे तोंड करून कोण बसलंय?"

मी वर पाहिलं. तिघींनी खरोखरच पाठ फिरवली होती. भाडं होतं तेवढंच ठेवलं आहे. शिवाय वरचा गिझर काढून पंचवीस लिटरचा बसवायचा, असं पाठमोऱ्या बैठकीत एकमतानं ठरलं. पैसे मी द्यायचे आहेत.