उंबरमाळीहून नाशिकयात्रा : नवशिक्यांसाठी

पंचवटी आणि तपोवन या दोन्ही पवित्र स्थळांचे दर्शन उंबरमाळीच्या फलाटावर उभ्या-उभ्या रोज होते. एक्स्प्रेस आहेत त्या. धूळ उडवत जातात, थांबत नाहीत. नवशिक्याने एवढ्यावर समाधान मानून घरी परतू नये.

आपण कसारा लोकल धरावी. पुढचेच स्टेशन, त्यामुळे बसायला जागा शोधण्यात शक्ती घालवू नये. कसाऱ्याला लोकल संपते आणि घाट सुरू होतो. चढ ३७ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेले की एक फूट वर. १८६५ साली हा मार्ग सुरू झाला, तरी आजही बहुतेक गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिने लागतात. तुमच्यासाठी न थांबलेली मेल त्या इंजिनांसाठी कसाऱ्याला थांबलेली दिसेल. अपमान गिळावा. लोकलच्या तिकिटावर तिच्यात चढता येते का, हे टीसीला विचारू नये. तो सांगतो.

स्टेशनबाहेर जीपवाल्यांचा 'नाशिक, नाशिक, एकच सीट' असा पुकारा चाललेला असतो. ड्रायव्हर 'एकच सीट' म्हणाला की चहा घेऊन यावा, नाश्ताही उरकावा. मधल्या सीटवरच्या चौथ्या माणसाने टेकून बसायचे नसते, पुढे सरकून बसायचे असते. हे आसन घरी बाकावर करून पाहावे. घाट चढल्यावर घाटनदेवीपाशी सगळ्यांचे हात कपाळाला जातात. तुमचा हात शेजाऱ्याच्या पिशवीखाली अडकला असेल तर मनातल्या मनात नमस्कार चालतो. पौषात निघत असाल तर मात्र जीपचे नाव काढू नये. वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा असते, दिंड्या पायी घाट चढतात. त्यांच्यात सामील व्हावे. वाट विचारावी लागत नाही आणि चहा फुकट मिळतो.

जीप रामाच्या गावात नेते आणि द्वारकेला उतरवते. घाबरू नये, हा नाशिकमधला चौक आहे.

रामकुंडावर अंघोळ करावी, कपड्यांवर लक्ष ठेवावे. तिथे कोणीतरी 'गाव कुठलं?' विचारेल. 'मुंबईजवळ' असे उत्तर देऊ नये. ठाण्यात, कल्याणात 'उंबरमाळी' म्हटल्यावर लोक 'म्हणजे कुठे?' करतात, इथे तीर्थोपाध्याय पुढचा प्रश्न विचारतात, 'आडनाव?' मग तुमच्या भागाची वही निघते. लांबट, कापडात बांधलेली, कडा तेलकट झालेल्या. त्यात कोणी खापरपणजोबा केव्हा आले, बरोबर कोण होते, हे लिहिलेले असू शकते. सातबाऱ्यावर ज्याचे नाव सापडत नाही तो इथे सापडतो. शाई नीट असेल तर आपलेही नाव घालून घ्यावे, मुलांची नावे मोठ्याने, काना-मात्रा सांगून. दक्षिणेचा आकडा आधीच ठरवावा.

काळाराम मंदिर जवळच आहे. काळा दगड आणि काळी मूर्ती बघून बाहेर पडायची घाई करू नये. याच मंदिराच्या दारात २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. माणसे आत येऊ मागत होती आणि दरवाजे बंद केले गेले. आज आपण चपला काढून सरळ आत जातो, ते काही आपोआप झालेले नाही. या मुद्द्यावर या मार्गदर्शिकेत विनोद नाही.

कपालेश्वरात नंदी शोधू नये. महादेवासमोर नंदी नसलेले हे देऊळ आहे. इथे नंदी गुरू ठरला म्हणून समोर बसत नाही, अशी कथा सांगतात.

त्र्यंबकेश्वर आणखी तीसेक किलोमीटर. नानासाहेब पेशव्यांनी बांधकाम काढलेले देऊळ आणि त्याहून लांब रांग. आपल्याला कालसर्प दोष आहे हे कसाऱ्यापर्यंत माहीत नसते, त्र्यंबकात उतरल्यावर पाच मिनिटांत कळते. 'पत्रिका घरी राहिली' हे उत्तर पाठ करावे. २०२७च्या सिंहस्थात जायचा विचार असेल तर हे सगळे शंभराने गुणावे.

बाटलीत गोदावरी भरून आणायला शेजारी सांगतीलच. आणावी. ब्रह्मगिरीवरून ती पूर्वेला जाते आणि तिच्या बाटल्या भरल्या जातात. त्याच त्र्यंबकच्या डोंगरातून वैतरणा आपल्या बाजूला उतरते. तिला धरणात अडवून, नळात घालून मुंबईला नेतात. तानसा आणि भातसाही तिकडेच. मे महिन्यात मात्र आपल्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. बाटलीतले तीर्थ वाटताना चमच्याने वाटावे, पेल्याने मागणारेही भेटतील.

परतीला द्वारकेहून शेवटची जीप केव्हा हे सकाळीच विचारून ठेवावे. कसाऱ्याला लोकलमध्ये चढल्यावर दारातच उभे राहावे. पहिलेच स्टेशन उतरायचे आहे.