कंद मिळणार नाहीत

ओटावा,
13 जुलै 2025

ती. बाबांस,


परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही आमच्या लिली पाहिल्यात आणि लगेच हुकूम सोडलात, "दिवाळीला येताना दहा-बारा कंद घेऊन ये." मी "बघते" म्हणाले. माझ्या "बघते"चा अर्थ आईला कळतो, तुम्हाला अजून कळत नाही, म्हणून हे पत्र. शिवाय तोंडी माहितीवर तुमचा विश्वास नाही, लेखी अहवाल हवा. तालुका कृषी अधिकारी निवृत्त झाला, पण अहवाल काही निवृत्त झाला नाही. असो. लिहिते, फक्त रकाने पाडायला लावू नका.

कंद आणले तुमच्या जावयांनी, गेल्या ऑक्टोबरात. सेल होता म्हणून. सहा कंद आणून गॅरेजच्या फळीवर ठेवले आणि नऊ दिवस विसरले. कांदे असते तर बिघडलं नसतं. पण हा कंद म्हणजे लसणाची सोललेली गड्डी समजा. वर कागदासारखं साल नाही, नुसत्या मांसल पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या. हवेवर राहिला की सुकत जातो. आणला की लावायचा, हे मला पाकिटावर वाचून कळलं. जावयांनी पाकिटावरचं फक्त चित्र पाहिलं होतं.

तीन अंगणात लावले, तीन कुंडीत. इथली माती चिकण. पाणी धरून बसते आणि पाण्यात बसला की हा कंद कुजतो. म्हणून भिंतीकडेला, जिथं उतार आहे तिथं कंपोस्ट घालून जागा केली. वीतभर खोल पुरले. "एवढं खोल कशाला?" असं तुम्ही विचारणार, मीही विचारलं होतं. तर या झाडाला मुळं दोन मजल्यांवर फुटतात. कंदाच्या खाली असतात तशी, शिवाय कंदाच्या वर, जमिनीत दडलेल्या देठालाही. वरच्या मजल्याला जागा सोडली नाही तर कमरेएवढं झाड पहिल्या वाऱ्याला आडवं होतं. कुंडीही त्यामुळे फूटभर खोल घ्यावी लागली. तळाच्या भोकावर तुमच्या पद्धतीने खापरी ठेवली. खापरी कुठून आणली ते विचारू नका, एक मग फुटला एवढं समजा.

हिवाळ्यात इथं उणे पंचवीसपर्यंत उतरतं. अंगणातल्या तिघींना त्याचं काही वाटलं नाही. वर बर्फ पडला की खालच्या जमिनीला गोधडी घातल्यासारखं होतं. कुंडीला मात्र चारी बाजूंनी थंडी लागते, म्हणून ती गॅरेजमध्ये नेली. डिसेंबर ते मार्च आमची गाडी बर्फात उभी आणि कुंडी आत. एकदा सकाळी काचेवरचा बर्फ खरवडताना जावई म्हणाले, "या घरात माझा नंबर कुंडीच्या नंतर लागतो." मी काही बोलले नाही.

एशियाटिक लिली या नावात आशिया आहे म्हणून तुम्ही आपल्या हवेचं गणित मांडू नका. हिचे रानातले पूर्वज सैबेरिया, उत्तर चीन, जपानकडचे. त्या आशियाचा आणि सांगलीचा काही संबंध नाही. थंडीचे काही आठवडे मिळाल्याशिवाय ही नीट फुलतच नाही. "मग फ्रीजमध्ये ठेवू" हे तुमचं उत्तर मला इथं बसून ऐकू येतंय. बाबा, त्या फ्रीजमध्ये आई आंबे ठेवते. पिकणाऱ्या फळातून जो वायू सुटतो तो कंदाच्या आतल्या कळीला बाधतो. आंबे बाहेर काढा असं आईला तुम्ही सांगणार असाल तर मला कळवा, मी त्या दिवशी फोन बंद ठेवते.

आता मे महिन्याचं सांगते. कोंब वर आले आणि त्यांच्या मागोमाग किडे. लालभडक, चकचकीत, तुमच्या ऑफिसात पाकिटावर लाखेचा ठिपका मारायचे ना, तसे. लिली बीटल म्हणतात. मूळचे तिकडचे, युरोपकडचे. या खंडात पहिल्यांदा सापडले ते 1943 मध्ये मॉन्ट्रियलला, म्हणजे आमच्यापासून दोन तासांवर. ऐंशी वर्षांत दोन तासांचं अंतर कापून ते नेमके आमच्या दारात आले आहेत, असं जावयांचं मत आहे. यांची पिल्लं तर विचारू नका. पानं खातात आणि स्वतःचीच घाण पाठीवर थापून हिंडतात, म्हणजे कुणी हात लावायला नको. तुमच्या नातवाला, ओजसला, हे शास्त्र फार आवडलं. अंघोळीला बोलावलं की हल्ली तो अळीचा दाखला देतो.

फवारणी सुचवू नका. आमच्या प्रांतात 2009 पासून शोभेच्या बागेवर रासायनिक कीटकनाशकं मारायला बंदी आहे. हाताने वेचायचे, साबणाच्या पाण्यात टाकायचे, बस्स. पण वेचायलाही युक्ती लागते. बोट जवळ नेलं की बीटल पान सोडून खाली पडतो तो उताणा. पोट काळं, माती काळी, संपला शोध. म्हणून आधी खाली डबा धरायचा, मग हात लावायचा. चिमटीत धरला तर चूं चूं करतो. रोज सकाळी साडेसहाला जावई पायजम्यावर, हातात डबा, झाडापुढे वाकलेले. समोरच्या आजींना बरेच दिवस वाटत होतं की हा आमचा काही धार्मिक विधी आहे.

आणि मग आली आषाढी. (पुढचा परिच्छेद आईला वाचून दाखवताना गाळा.)

एकादशीला जीवहत्या करणार नाही, असं जावयांनी सकाळीच जाहीर केलं. बीटलांचा उपास नव्हता. शेवटी तोड निघाली ती अशी, की दिवसभर वेचायचे पण मारायचे नाहीत, बरणीत ठेवायचे आणि बारशीला पारणं सोडल्यावर बघायचं. बरणी हाताशी होती ती आईने दिलेली, लिंबाच्या लोणच्याची. संपली होती, धुतली होती. ओजसने झाकणाला भोकं पाडली आणि त्यांना भूक लागेल म्हणून लिलीची पानंही आत घातली. संध्याकाळपर्यंत चौदा पाहुणे. आम्ही साबुदाण्याची खिचडी खाल्ली, त्यांनी लिली खाल्ली. बारशीला सकाळी पाहतो तर पाहुणे तितकेच, पण पानाच्या मागे केशरी अंड्यांची वेडीवाकडी ओळ. पुण्य असं लागलं. बरणी टाकून दिली आहे. आईने विचारलंच तर फुटली.

लिलीची फुलं मात्र खरंच बघण्यासारखी. आभाळाकडे तोंड करून उमलतात, केशरी, आत काळसर ठिपके. आईचा पहिला प्रश्न वासाचा असणार. वास नाही, अजिबात नाही. वासाच्या लिली वेगळ्या, त्या उशिरा फुलतात. बिनवासाचं फूल देवाला वाहू नये हे मला पाठ आहे. तरी विठोबाला वाहिलं. खिडकीतल्या तुळशीची चार पानं सोबत ठेवली आणि विषय मिटवला.

दुसरी दोन फुलं घेऊन समोरच्या आजींकडे गेले, तर त्यांनी दारातूनच दोन्ही हात वर केले. त्यांच्याकडे मांजर आहे. लिलीचं पान, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराच्या पोटात गेलं तर मूत्रपिंडं निकामी होतात. ओजसची मांजराची मागणी दोन वर्षं लोंबकळत होती, ती त्या दिवशी निकालात निघाली. तो लिलीशी बोलत नाही.

एक गोष्ट मात्र खास तुमच्यासाठी. इथं शहराच्या मधोमध सरकारी शेती संशोधन केंद्र आहे, 1886 पासूनचं. तिथं 1920 पासून इझाबेला प्रेस्टन नावाच्या बाई फुलांचे संकर करत. याच जातकुळीच्या लिलींचे काही सुरुवातीचे संकर त्यांचे. आणि त्यांनी त्या वाणांना नावं दिली ती कुणाची? ऑफिसातल्या स्टेनोग्राफर मुलींची! पुढे महायुद्धात लढाऊ विमानांची. तुमच्या ऑफिसातल्या टायपिस्ट बाईंनी तीस वर्षं तुमचं अक्षर लावलं, त्यांच्या नावे तुम्ही एखादी वांग्याची जातही काढली नाहीत. विचार करा.

तेव्हा कंद मिळणार नाहीत. आणायचे तर आयात परवाना लागतो आणि इकडचं रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र. अर्धं आयुष्य कागदांवर सही शिक्का केलेल्या माणसाने मुलीला बॅगेत कंद लपवायला सांगावं? तुमच्या गच्चीवर मे महिन्यात तो लाल चेंडू फुलतो, त्यालाही लोक लिलीच म्हणतात. हाराच्या पांढऱ्या कळ्यांनाही म्हणतात. दोन्ही खऱ्या लिली नव्हेत, पण फ्रीज मागत नाहीत.

आईस नमस्कार. गुडघ्याला तेल लावते का ते कळवा, ती मला खरं सांगत नाही.

तुमची,
बेबी

ता. क. एकादशीला नमस्कार करताना जावयांच्या पांढऱ्या सदऱ्याला लिलीचे पराग लागले. मी ओल्या फडक्याने पुसले. पुसायचे नसतात, चिकटपट्टीने उचलायचे असतात, हे नंतर कळलं. आता छातीवर विटकरी रंगाचा पंजा उमटला आहे. सदरा आईने दिवाळसणाला घेतलेला. दुकान आठवत असेल तर तसाच एक आणून ठेवा, मापाला बेचाळीस. आईला सांगू नका.